टबातलं तळं: कोकणात घरी लिली-कमळ लावताना सगळे जे विचारतात ते

आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, एक काळ्या दगडाची डोण आहे, पूर्वी विहिरीजवळ गुरांना पाणी पाजायला होती, गुरं गेली आणि डोण तेवढी राहिली. त्यात एकदा सहज म्हणून पाण्यातली लिली लावली आणि तेव्हापासून घरी येणारा प्रत्येक माणूस चहा संपायच्या आत तेच तेच प्रश्न विचारतो. डास होत नाहीत का हो, पाणी कधी बदलता, आम्हाला एक रोप द्याल का. रोप देते, पण उत्तरं देऊन देऊन दमले म्हणून एकदाच लिहून काढलंय. घर रत्नागिरी तालुक्यात, खाडीच्या अंगाला, त्यामुळे हे सगळं किनारपट्टीच्या हिशोबानेच आहे. घाटावरची हवा वेगळी, तिथल्यांनी आपापलं बघून घ्यावं.

सुरुवातीला काय काय लागतं?

एक भोक नसलेलं रुंद भांडं, चिकट माती, थोडी रेती नाहीतर खडी, पाणी, एक लिलीचा कंद, आणि ऊन. मोटर, फिल्टर, कारंजं यातलं काही लागत नाही. कारंजं तर लिलीला आवडतच नाही, तिला शांत पाणी लागतं, पानांवर सतत पाणी उडत राहिलं की पानं सडतात. लोक आधी कारंजं आणतात आणि मग झाडं शोधतात, ते उलटं आहे.

भांडं कुठलं घ्यावं?

खोलीपेक्षा रुंदी बघा. लिलीला दीड फूट रुंद आणि सव्वा फूट खोल टब पुरतो, कमळाला दोन फूट रुंद असला तर बरं. कमळासाठी गोलच घ्या, कारण त्याचा कंद मातीत आडवा धावतो आणि चौकोनी टबात कोपऱ्यात जाऊन अडकतो, तिथेच गुंडाळी करून बसतो. बांधकामावर वापरतात ते काळे प्लॅस्टिकचे टब स्वस्त आणि मस्त, फक्त उन्हात दोन-चार वर्षांत तडकतात. फुटकं सिंटेक्सचं पिंप अर्धं कापून पण चालतं, आमच्या शेजारच्या काकांकडे तसंच आहे आणि त्यांची फुलं आमच्यापेक्षा मोठी येतात हे मान्य करायला लागतं.

सिमेंटची नवी कुंडी असेल तर घाई करू नका. नव्या सिमेंटमधून चुना सुटतो, मासे टाकले तर मरतात, झाडही पिवळं पडतं. दोन-तीन आठवडे पाणी भरून ठेवायचं, दर चार दिवसांनी ओतून परत भरायचं, मग वापरायची. मातीचा रांजण पाझरतो, त्यामुळे बाहेरून छान शेवाळ धरतं पण आतलं पाणी रोज कमी होतं. जांभ्याचे चिरे रचून हौद केलात तरी तेच, जांभा म्हणजे नुसती चाळण, आत जाड ताडपत्री अंथरल्याशिवाय पाणी राहायचं नाही.

घरात आजीचं तांब्याचं घंगाळ आहे, त्यात किती सुंदर दिसेल ना?

दिसेल, पण मासे मरतील. तांबं पाण्यात उतरतं आणि माशांना, गोगलगायींना ते विषासारखं असतं. घंगाळच हवं असेल तर आत मापाचा प्लॅस्टिकचा टब बसवा आणि झाडं-पाणी सगळं त्या टबात ठेवा. आणि खरं सांगू का, खाऱ्या वाऱ्यात ते घंगाळ हिरवं पडणार, मग दर आठवड्याला चिंचेने घासायला कोण बसणार.

गॅलरीत किंवा गच्चीवर ठेवलं तर चालेल का, वजन किती होतं?

हिशोब करा. ५० सेंटीमीटर रुंद टबात ३५ सेंटीमीटरपर्यंत भरलं तर साधारण ६९ लिटर जागा होते, त्यात तिसरा हिस्सा ओली माती, म्हणजे सगळं मिळून ८०-८५ किलो. एका जाड माणसाएवढं, आणि हा माणूस कधी उठून जात नाही. गच्चीवर असे दहा टब ठेवायचे असतील तर मधे नको, खाली भिंत किंवा बीम येतो तिथे ठेवा आणि जुनं घर असेल तर आधी जाणकाराला विचारा. आणि जिथे ठेवायचा तिथेच भरा, भरलेला टब सरकवायला जाऊन आमच्या घरच्यांनी एकदा कंबर धरली होती.

ऊन किती लागतं? आमच्याकडे सगळीकडे माडांची सावली आहे.

लिलीला पाच तास तरी, कमळाला सहा. तेवढं ऊन नसेल तर पानं येतील, फूल यायचं नाही, मग खत घाला नाहीतर नवस बोला. माडा-पोफळीची आगर असेल तर फुलांचा हट्ट सोडा आणि पानांचं तळं करा, तेही फार देखणं होतं. अळू आहेच, कोकणात पाटाच्या कडेला आपोआप येतं ते टबात का येणार नाही. वेखंड लावा, मुळं पाण्यात आणि पानं तलवारीसारखी वर, हात लावला तरी वास येतो. काठावर ब्राह्मी सोडा, ती टबाच्या कडेवरून खाली लोंबते आणि बारीक पांढरी फुलं देते. कर्दळसुद्धा पाण्यात उभी राहते हे खूप जणांना माहीत नसतं.

माती कुठली?

इथे सगळे चुकतात म्हणून जरा जास्त लिहिते. नर्सरीतून आणलेली तयार कुंडीची माती, कोकोपीट, गांडूळखत हे काही नको. ते सगळं हलकं असतं, पाणी ओतलं की तरंगतं आणि मग चार दिवसांनी सडून असा वास येतो की शेजारी विचारतात कोणाकडे काय मेलंय. चिकट, जड माती पाहिजे. आपल्याकडे सगळ्यात चांगली ती भाताच्या खाचरातली, हातात घेऊन वळली की सापासारखी लांब होते आणि तुटत नाही ती. सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, किंवा डोंगरातली लाल माती नुसती वापरलीत तर पाणी कित्येक दिवस चहासारखं लाल राहतं, पण खाचरातल्या मातीत थोडी मिसळली तर चालते.

खाडीतला गाळ मात्र अजिबात आणू नका. दिसायला काळा, लोण्यासारखा, वाटतं की याच्यासारखी माती नाही, पण तो खारा असतो. समुद्रावरची वाळू पण तशीच, मीठही आणि शिंपल्यांचा चुराही. वरून थर द्यायला नदीची रेती किंवा जांभ्याची बारीक खडी धुवून घ्या.

पाणी नळाचं की विहिरीचं?

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, एक दिवस उघड्या बादलीत ठेवलं की उडून जातं, मग वापरा. विहिरीचं असेल तर थेट. फक्त किनाऱ्याजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, ते पाणी टबात नको. ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, जिभेला लागतं आणि साबणाला फेस नीट येत नाही.

यात एक गोम आहे. उन्हाने टबातलं पाणी उडतं पण त्यातलं मीठ उडत नाही, ते खाली राहतं. तुम्ही रोज थोडं मचूळ पाणी वरून घालत राहिलात तर महिन्याभरात टबातलं पाणी विहिरीपेक्षा खारं होतं, आणि लिलीची पानं कडेने करपायला लागली की लोक म्हणतात ऊन लागलं. ऊन नाही हो, मीठ लागलं. आमची विहीर अशीच आहे, म्हणून मी पावसाचं पाणी दोन पिंपांत झाकून ठेवते, ते अगदी मेपर्यंत पुरत नाही पण निम्मं निम्मं मिसळून भागतं. मग मिरग आला की पाऊस सगळं धुवून नेतो आणि टब परत गोडा होतो.

कमळ आणि लिली यात फरक काय? आम्ही दोन्हीला कमळच म्हणतो.

म्हणा की, देव रागावत नाही. पण लावताना फरक पडतो. लिलीचं पान पाण्यावर पसरलेलं असतं आणि त्याला देठापर्यंत चीर असते. कमळाचं पान अखंड ताटासारखं, देठ बरोबर मधोमध, आणि मोठं झालं की पाण्याच्या वर फूट-दोन फूट उभं राहतं. कमळाच्या पानावर पाणी टाकलं की पाऱ्यासारखे थेंब पळतात, मुलांना हे दाखवलं की अर्धा तास शांतता.

पहिल्यांदा करताय तर लिली घ्या. लिली कमी जागेत भागवते, सतत फुलते, हयगय झाली तरी माफ करते. कमळ जरा मानी आहे. त्याला जागा पाहिजे, ऊन पाहिजे, कंदाचं टोक मोडलं तर रुसतं, आणि सोसाट्याचा वारा आला की मोठी पानं फाटतात.

बाजारातली कमळकाकडी लावली तर उगवेल का?

बहुतेक नाही. भाजीला येते ती मधली कांडी, टोकं कापलेली असतात आणि कोंब टोकालाच असतो. कोंब शाबूत असलेला कंद पाहिजे.

आणि बिया? पूजेच्या दुकानात कमळगट्टे मिळतात ते?

सुटे मिळाले तर चालतात, माळेतले नकोत कारण ओवायला त्यांना आरपार भोक पाडलेलं असतं. कमळाचं बी म्हणजे दगड आहे, नुसतं पाण्यात टाकलं तर वर्षभर तसंच पडून राहील. चीनमध्ये एका आटलेल्या तळ्यातल्या गाळात मिळालेलं सुमारे १३०० वर्षांपूर्वीचं बी शास्त्रज्ञांनी रुजवून दाखवलं होतं, एवढं त्याचं कवच पक्कं. ते कवच आपण फोडून द्यायचं. टोकदार नसलेल्या बाजूने, जिथे बारीक खळगा असतो तिथे, पॉलिश पेपरवर नाहीतर खडबडीत चिऱ्यावर घासायचं, आतला पिवळट पांढरा भाग जरासा दिसला की लगेच थांबायचं. मग काचेच्या ग्लासात कोमट पाण्यात टाका, पाणी रोज बदला. आपल्या हवेत चार-पाच दिवसांत हिरवा कोंब बाहेर येतो आणि तो दिवसाला बोटभर वाढताना बघायला खरंच मजा येते. तरंगणारं बी काढून टाका, ते बहुतेक पोकळ असतं.

पण बियांपासून फूल यायला वर्ष-दीड वर्ष धरा, आणि रंग कुठला येईल ते नशीब.

जाता जाता, मखाणे म्हणजे कमळाच्या बिया असं सगळीकडे सांगतात, ते खरं नाही, मखाणा हे वेगळं काटेरी पाणझाड आहे.

लावायचं कसं?

टबात खाली एक तृतीयांश माती. शेणखत घालायचं तर वर्षभराचं मुरलेलं, मूठ-दोन मुठी, आणि अगदी तळाला. ताजं शेण घातलंत तर बुडबुडे येत राहतील आणि कंद सडेल. लिलीचा गड्डा मातीत असा बसवायचा की त्याचं शेंड्याचं टोक, जिथून पानं फुटतात, ते मातीच्या वर राहील, ते गाडलं की झाड गुदमरतं. कमळाचा कंद आडवा ठेवायचा, कोंब थोडा वर, आणि वर दोन बोटं माती. वरून रेतीचा थर.

पाणी एकदम भरू नका. एक ताटली मातीवर ठेवा आणि त्या ताटलीत हळूहळू ओता, म्हणजे चिखल ढवळत नाही. सुरुवातीला मातीच्या वर चार बोटं पाणी पुरे, पानं जशी वर येतील तसं वाढवत न्या. पुढे लिलीवर वीत-दीड वीत पाणी राहिलं की झालं.

मुहूर्त म्हणाल तर फेब्रुवारी-मार्च. पाऊस येईपर्यंत झाड पाय रोवतं. ऐन जुलैत लावलंत तर ऊन नसतं आणि कंद कुजतो.

डास होणार नाहीत का?

मासे नसतील तर होणारच, आणि यात मी कोणाला गोड बोलून फसवणार नाही. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि उबदार हवेत आठ-दहा दिवसांत अंड्यापासून डास तयार होतो. म्हणजे तुमची लिली रुजायच्या आत त्यांची एक पिढी उडालेली असते. म्हणून टब भरल्यावर दोन-तीन दिवसांत मासे आत गेले पाहिजेत, पुढच्या रविवारी बघू असं नाही.

पाच-सहा गप्पी मासे एका टबाला भरपूर झाले. आरोग्य केंद्रात विचारा, बऱ्याच ठिकाणी डास निर्मूलनासाठी गप्पी फुकट देतात. मासे असलेल्या टबात मला आजवर एक अळी दिसलेली नाही. डास होतात ते टबाच्या आजूबाजूच्या गोष्टींत, कुंडीखालची बशी, करवंटी, रोप आणलेली प्लॅस्टिकची पिशवी, आणि आशाताई तपासणीला आल्या की त्यांना नेमकं तेच सापडतं. रिकामा केलेला टब पण नुसता ओतून ठेवू नका, या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटलेली असतात, कोरडी झाली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणून काथ्याने खसखसून घासा.

मासे नकोच असतील तर बीटीआय नावाची जिवाणूंची पावडर किंवा गोळी मिळते, ती डासांच्या अळ्या मारते आणि बाकी कोणाला त्रास देत नाही, पण ती ठरल्या दिवशी आठवणीने टाकत राहावी लागते. रॉकेल ओतायचा सल्ला देणारे अजून भेटतात, त्यांना चहा द्या आणि विषय बदला.

गप्पीच का? गोल्डफिश किती छान दिसतो.

गोल्डफिश वाढतो, माती उकरतो, खूप घाण करतो आणि साठ लिटरमध्ये बिचारा गुदमरतो. गप्पी टिकतो. पण गप्पी बाहेरचा आहे, दक्षिण अमेरिकेतला, तो टबातच राहिला पाहिजे. पिल्लं जास्त झाली की लोक व्हाळात सोडून देतात आणि वर पुण्य केल्यासारखं सांगतात. तसं करू नका, दुसऱ्या कोणाच्या टबाला द्या. आपल्याकडे विहिरीत आणि पाटात पाण्याच्या अगदी वरच्या थरात फिरणारा, डोक्यावर चकाकणारा ठिपका असलेला बारीक मासा असतो ना, तो डासांच्या अळ्या खाण्यात गप्पीला ऐकत नाही, आणि इथलाच आहे. तो मिळाला तर सगळ्यात उत्तम, फक्त उडी मारतो, टब काठोकाठ भरू नका.

खायला वेगळं काही द्यायची गरज नाही. पोळीचे तुकडे टाकणाऱ्या पाहुण्यांवर लक्ष ठेवा.

पाणी हिरवंगार झालंय, काय करू?

काही करू नका. खरंच. नव्या टबात पहिले दोन-तीन आठवडे हे होतंच, मातीतलं खत पाण्यात उतरतं, वर ऊन मिळतं, शेवाळ वाढतं. घाबरून सगळं पाणी ओतून नवीन भरलंत तर नव्या पाण्याबरोबर नवं खाद्य आणि परत पहिल्यापासून. मी पहिल्या वर्षी चार वेळा बदललं, चारही वेळा आठवड्यात हिरवं. पाचव्या वेळी आजारी पडले म्हणून राहून गेलं आणि आपोआप निवळलं.

निम्म्याहून जास्त पृष्ठभाग पानांनी झाकला गेला की शेवाळाला ऊन मिळत नाही आणि पाणी स्वच्छ होतं. तोपर्यंत पाण्याखाली वाढणारं एखादं झाड टाका, हायड्रिला किंवा व्हॅलिस्नेरिया, ते पाण्यातलं खत खाऊन टाकतं. दोऱ्यासारखं शेवाळ झालं तर काटकीला शेवयांसारखं गुंडाळून काढायचं. औषधं नकोत.

मग पाणी किती दिवसांनी बदलायचं?

बदलायचंच नाही. जेवढं उडेल तेवढं वरून घालायचं. हे ऐकून सगळ्यांचा चेहरा पडतो कारण पाणी तुंबलं म्हणजे घाण असंच आपल्या डोक्यात बसलंय. पण विहीर तुम्ही दर आठवड्याला बदलता का? वर्षातून एकदा, कंद काढून वाटायचे असतात तेव्हा, टब रिकामा होतो तेवढं पुरे. वास यायला लागला तर पाणी बदलण्याआधी कारण शोधा, खाली काहीतरी कुजतंय, पिवळी पानं काढली नसतील, नाहीतर खत जास्त झालंय.

पावसाळ्यात काय करायचं? आमच्याकडे तर कोसळतो.

रत्नागिरीला चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे दहा फूट पाणी. तुमचा सव्वा फुटाचा टब आठ वेळा भरून वाहणार हे धरूनच चाला. टबाच्या काठाखाली दोन इंचावर बोटभर भोक पाडा आणि आतून मच्छरदाणीचा तुकडा लावा, पाणी जातं आणि मासे राहतात.

आणि पागोळीखाली टब ठेवू नका. मी ठेवला होता, म्हटलं फुकटचं गोडं पाणी. मिरगाच्या पहिल्याच रात्री कौलांवरची धार बरोबर टबाच्या मध्यात पडली, सकाळी बघते तर माती खणून काढलेली, कंद उताणा तरंगतोय आणि गप्पी खळ्यात, जे मांजराने ठेवले होते ते.

बाकी जुलैमध्ये फुलं कमी होतात, ऊनच नसतं, झाड मेलं म्हणून उपटू नका. एक गोष्ट गंभीरपणे, पावसाळ्यात हाताला जखम असेल तर त्या चिखलात हात घालू नका, रबरी हातमोजे घाला. उंदरांच्या मुतामुळे लेप्टोचा ताप येतो आणि कोकणात तो दरवर्षी असतो.

आणि मे महिन्यात?

दीड फुटी टबातून एक सेंटीमीटर पाणी उडालं म्हणजे दीड लिटरहून जास्त गेलं, वारा असेल तर ते एका दिवसात जाऊ शकतं. रोज संध्याकाळी घाला, दुपारी नाही. काळा टब तापतो, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो, मासे पहाटे पहाटे वर येऊन तोंडं उघडतात. दुपारी बारा ते तीन पश्चिमेच्या बाजूने माडाच्या झावळीचा विणलेला एक झाप उभा करायचा, किंवा टबाभोवती चिरे रचायचे म्हणजे बाजू तापत नाही. आमची दगडी डोण कधी तापत नाही, त्या बाबतीत जुनी माणसं हुशार होती.

खत कधी?

पानं लहान आणि पिवळट यायला लागली, फूल थांबलं, की. महिन्यातून एकदा पुरतं. आपल्या लाल मातीत लोह भरपूर आणि ते फॉस्फरस धरून ठेवतं, झाडाला सोडत नाही, म्हणून हाडांचा चुरा उपयोगी पडतो. चमचाभर चुरा वर्तमानपत्राच्या तुकड्यात पुडी बांधून, बोटाने मातीत खोल खुपसायचा, मुळांपासून जरा लांब. पाण्यात विरघळवलंत तर झाडाला नाही, शेवाळाला जेवण.

पानांवर मावा आलाय, कोणी खाल्लेली दिसतात.

माव्यावर पाण्याचा फवारा मारा, किडे पाण्यात पडतात आणि मासे खातात. लिलीचं पान तर सरळ मिनिटभर पाण्याखाली दाबून धरा. कीटकनाशक नाही, खाली मासे आहेत. कमळावर निंबोळी तेल पण नको, पानाचा तो पाणी झटकणारा थर जातो आणि पान भाजतं. पानाचे गोल तुकडे कापलेले आणि तरंगताना दिसले तर उलटून बघा, दोन तुकड्यांच्या मधे सँडविचसारखी एक अळी बसलेली असते. हाताने काढा.

साप येतात का?

बेडूक येतात, बेडकांमागे कधी दिवड येतो. तो बिनविषारी आहे, डिवचला तर चावतो, नाहीतर आपल्या कामाला आलेला असतो आणि जातो. टबाच्या आजूबाजूला चिऱ्यांच्या राशी, झावळ्यांचे भारे ठेवू नका, रात्री बॅटरी घेऊन जा, बस. सापांपेक्षा जास्त त्रास ढोकरीचा आहे, कडेला पुतळ्यासारखी उभी राहते आणि एकेक मासा उचलते.

टबाच्या वर पानाला पांढरा फेसाचा गोळा लटकलाय, हे काय?

हात लावू नका! झाडबेडकाचं घरटं आहे. पावसाच्या सुरुवातीला ते पाण्याच्या बरोबर वर फेसात अंडी घालतात, काही दिवसांत पिल्लं टपटप खाली पाण्यात पडतात. माशांच्या तोंडी बरीच जातात पण काही वाचतात.

जलपर्णी किती छान जांभळी फुलते, टाकू का?

नको. ॲमेझॉनच्या खोऱ्यातून आलेली बया आहे, टबात टाकलीत तर महिन्यात टब दिसणार नाही, आणि जास्त झाली की तुम्ही ती पऱ्यात फेकणार आणि पुढे तिचं काय होतं ते पुण्यातल्या नद्यांकडे बघा. तरंगणारं काही हवंच असेल तर ॲझोला टाका, तीही वाढते पण जास्तीची काढून कोंबड्यांना घालता येते.

सड्यावर पावसात किती सुंदर पाणफुलं येतात, ती आणून लावली तर?

गेंद, सीतेची आसवं, बघून कोणालाही मोह होईल, मलाही झाला होता. पण ती कातळावरच्या बोटभर मातीत, नापीक पाण्यात जगणारी झाडं आहेत. सीतेची आसवं तर बारीक किडे पकडून भूक भागवते कारण तिथल्या पाण्यात खायला काही नसतं. तुमच्या शेणखताच्या टबात ती आठवडाभर टिकत नाहीत. आणि आधीच चिऱ्याच्या खाणींनी सडे खाल्लेत. श्रावणात जाऊन बघून या.

घरात लहान मूल आहे.

मग मूल तीन-चार वर्षांचं होईपर्यंत थांबा, किंवा टबावर जाळी बसवा. रांगणारं, नुकतं चालायला लागलेलं मूल वीतभर पाण्यातही बुडतं.

आम्ही चाकरमानी, गणपतीला आणि मे महिन्यात गावी येतो. घरी टब ठेवता येईल का?

बंद घरात ठेवू नका. जानेवारीपर्यंत पाणी उडेल, मासे मरतील, आणि मधल्या काळात अख्ख्या वाडीला डास पुरवाल. शेजारी कोणी रोज बघणारं असेल तर त्यांच्याच खळ्यात ठेवा, फुलं त्यांनी देवाला घालावी, तुम्ही आलात की फोटो काढावे. नाहीतर विहिरीजवळच्या ओलीत अळू-वेखंड लावून जा.

वास्तूप्रमाणे कुठे ठेवावं?

जिथे ऊन आहे तिथे.

गणपतीला आपल्या घरचं फूल मिळेल का?

लिलीचं नक्की, फेब्रुवारीत लावली असेल आणि ऑगस्टमध्ये थोडी उघडीप मिळाली तर. कमळाचं मी कबूल करत नाही, आमच्याकडे दोनदा बरोबर ऋषिपंचमीला फुललं. लिली काढायची तर उमललेल्या पहिल्या दिवशी काढा, तीन-चार दिवसांत फूल स्वतःच पाण्याखाली जातं. देठ हाताने खाली खोलवर धरून हलकं ओढायचं, वरून कापायचं नाही, राहिलेला देठ कुजतो.

आमची लिली दुपारी मिटून जाते, काही बिघडलंय का?

नाही हो, तिची वेळ संपली. दिवसा फुलणाऱ्या सकाळी उघडतात आणि दुपारनंतर मिटतात, रात्रीच्या जातीच्या संध्याकाळी उघडून सकाळी ऊन चढलं की मिटतात. आमच्या डोणीत लाल आहे ती रात्रीची. पाहुणे येतात अकरा-साडेअकराला, त्यांना ती कधीच फुललेली दिसत नाही आणि ते मला सांगतात की तुमच्या कळ्या उमलत नाहीत वाटतं, जरा खत घाला.